लहान मूल घेऊन कोलकाता : ट्राम, लाँच आणि मेट्रो

अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन कोलकात्याला जातोय म्हटल्यावर ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं व्हायचं. एवढी गर्दी, एवढा गोंगाट, त्यात ते पोर कशाला? यात खोटं काही नाही. पण त्या वयाच्या मुलाला स्मारकांशी काही देणंघेणं नसतं. त्याला गाडी लागते, बोट लागते, घंटा लागते. रुळांवरून ट्राम, नदीवरून लाँच आणि नदीच्या पोटातून मेट्रो, हे सगळं एकाच गावात फिरवणारं दुसरं शहर भारतात नाही. म्हणून आम्ही ठिकाणांची यादी निम्मी केली आणि कशाकशात बसायचं त्याची केली. बरोबर सासूबाई होत्या, त्यांचे गुडघे दुखतात. आजी आणि नात, दोघींच्या गरजा सारख्याच निघाल्या: वेळेवर जेवण, बसायला जागा आणि स्वच्छ संडास.

आम्ही नागपूरचे, त्यामुळे गीतांजली एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळी बसलं की रात्र झोपेत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. आईला खालचा बर्थ मिळाला नाही तर रात्र अवघड जाते, तेव्हा आरक्षण लवकर करा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी लहान मुलासाठी सरळ विमानच पाहावं. विमानतळावर आता मेट्रो पोचली आहे. मात्र नोआपाड्याला गाडी बदलावी लागते. कडेवर मूल आणि हातात बॅगा असतील तर टॅक्सी बरी.

डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. महाराष्ट्रातल्या सवयीने ‘चार वाजता निघू, निवांत फिरू’ असा बेत केलात तर अंधारच हाती लागेल. उलट सकाळ लवकर होते, आणि लहान मुलं तशीही पहाटे उठून बसतात. आम्ही साडेसातला बाहेर पडायचो, बाराला जेवून खोलीवर यायचो, लेक झोपायची, आणि तीननंतर जवळपासचंच काहीतरी. दुपारची झोप बुडवून काही पाहायला गेलात तर मूलही काही पाहत नाही आणि तुम्हीही नाही. थंडीत हवा धुरकट असते, दम्याचा त्रास असलेल्या मुलाला नेण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. दुर्गापूजेच्या दिवसांत एवढं लहान मूल नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोषणाई रात्रीची, पायपीट मैलोनमैल आणि गर्दीत मूल कडेवरून खाली ठेवता येत नाही.

राहायला मेट्रोच्या निळ्या मार्गालगत कुठेही चालेल: पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन, भवानीपूर. मराठी माणसांसाठी हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, आधी फोन करून खोलीची चौकशी करावी. तिथून जतीन दास पार्क स्टेशन जवळ पडतं. हावड्यात राहायचा मोह टाळा, रोज नदी ओलांडण्यात वेळ जातो.

बाबागाडी घरीच ठेवा. फूटपाथ आहेत, पण त्यावर शहाळी, पुस्तकं, स्वेटर, कचोऱ्या आणि चहाची शेगडी असं सगळं आहे. मधेच फरशी उचकटलेली, मधेच पायरी. पुढे बांधायची झोळी हाच उपाय. नवरा ती बांधून फिरत होता, आणि बंगाली काकू येता-जाता थांबून लेकीची टोपी सारखी करून जायच्या. तिथे बाळांच्या डोक्याला वारा लागलेला कुणालाच खपत नाही. टोपी नसेल तर अनोळखी माणूसही तुम्हाला चार शब्द सुनावेल.

आता मुख्य गोष्ट. एक सकाळ पुढच्या गोल फेरीसाठी राखून ठेवा. बाबूघाटावरून हावड्याची लाँच पकडायची. तिकीट अगदी काही रुपयांचं. हुगळीला भरती-ओहोटी असते, त्यामुळे जेट्टीकडे जाणारा उतार कधी सपाट तर कधी चांगलाच तिरका असतो. लाँच आणि तराफ्याच्या मधे फटही राहते. मूल कडेवरच हवं आणि आजीबाईंचा हात कुणीतरी धरायला हवा. नोकरदारांची झुंबड ओसरू द्या, साडेदहानंतर जा. नदीवर गेलं की समोर हावडा पूल. १९४३ साली तो वाहतुकीला खुला झाला. तो रिव्हेटांनी जोडलेला आहे, नटबोल्ट नाहीत, ही माहिती नवऱ्याने लेकीला उत्साहाने दिली. लेक पाण्यात वाहत जाणारी झेंडूची माळ बघत होती. पुलाच्या कोलकात्याकडच्या टोकाशी मल्लिक घाटाचा फुलबाजार आहे. तो लांबूनच पाहिला. मोठ्यांनी जरूर जावं, पण तिथे चिखल असतो आणि डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल पळत असतात, मुलाला नेऊ नये.

हावड्याला उतरलं की परतीला मेट्रो. हिरव्या मार्गाचा हावडा मैदान ते एस्प्लनेड हा भाग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, आणि भारतात नदीखालून जाणारी ही पहिली मेट्रो. हावडा स्थानक खूप खोल आहे. सरकते जिने एकामागून एक उतरत राहतात. लेकीसाठी तोच अर्धा कार्यक्रम होता. लिफ्टही आहे. फलाटावर काचेची दारं असल्याने हात सुटायची धास्ती नाही. नदीखालचं अंतर सुमारे ५२० मीटर आणि गाडी ते पाऊण मिनिटात पार करते. तेवढ्या भागात बोगद्याला निळे दिवे लावले आहेत, त्यावरून नदी आली हे कळतं. मुलाला खिडकीशी आधीच उभं करा, नाहीतर बॅगेतून बिस्किट काढेपर्यंत नदी संपलेली असते. आम्ही पुन्हा उलटं गेलो आणि परत आलो. तिकिटं ५ रुपयांपासून सुरू होतात, तेव्हा असल्या चैनीला हरकत नाही.

निळा मार्ग मात्र जुना आहे. देशातली पहिली मेट्रो इथेच १९८४ साली धावली. तिथे फलाटाच्या कडेला काचा नाहीत आणि सकाळ-संध्याकाळ रेटारेटी असते. बायकांसाठीच्या राखीव जागेशी उभ्या राहा, मूल दिसलं की कुणीतरी उठतंच. रविवारी सकाळी मेट्रो उशिरा सुरू होते.

ट्रामचं काय सांगावं. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम इथे सुरू झाली, आणि आज जे काही मार्ग उरले आहेत तेही किती दिवस टिकतील कोण जाणे. बहुतेक मार्ग बंद करण्याचा मानस राज्य सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला होता. म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नका, एस्प्लनेडच्या डेपोत जाऊन कुठली गाडी चालू आहे ते विचारा. सुरू असेल तर श्यामबाजारकडची घ्या, ती कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांच्या दुकानांमधून जाते. वेग इतका कमी की मूल रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं नीट पाहू शकतं. टणटण घंटा वाजली की आमची कन्या टाळ्या पिटायची आणि कंडक्टरकाका पुन्हा घंटा ओढायचे. घाई असेल तर ट्राम घेऊ नये. आणि उतरताना मागून येणारी वाहनं बघा, कारण ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते.

स्मारकांपैकी व्हिक्टोरिया मेमोरियलला सकाळी बागेत जा. तळी आहेत, हिरवळ आहे, आणि वाटांवर बारीक खडी. त्या खड्यांनी तासभर सहज जातो. आतलं संग्रहालय सोमवारी बंद असतं. १९२१ साली उघडलेली ही इमारत मकराण्याच्या संगमरवराची आहे.

तिथल्याच बाकावर एका बंगाली आजींनी सासूबाईंना विचारलं, दीदी, कुठल्या? नागपूर म्हटल्यावर त्या खदखदून हसल्या आणि लेकीचा गाल ओढत म्हणाल्या, ‘ओ मा, बर्गी!’ बर्गी म्हणजे लुटायला येणारे मराठा स्वार. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून गेल्या, आणि तिथे त्यांनी केलेली लूट बंगाल अजून विसरलेला नाही. बाळाला झोपवायच्या तिकडच्या अंगाईतही बर्गी येतात. त्यांच्या भीतीनेच इंग्रजांनी १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो अर्धवटच राहिला आणि पुढे बुजवला गेला, पण बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. आपण शाळेत हा भाग ‘चौथाई वसूल केली’ एवढ्या एका ओळीत उरकतो. आजींनी मात्र पर्समधून संदेश मिठाईचा डबा काढून छोट्या बर्गीला एक दिला.

इंडियन म्युझियम, म्हणजे तिथल्या लोकांचं जादूघर, १८१४ सालचं आहे. सगळं पाहायच्या भानगडीत पडू नका. हाडांचे सांगाडे असलेलं दालन लेकीला आवडलं, ममीपुढे ती थांबलीही नाही. हेही सोमवारी बंद. अलिपूरचं प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. नाताळ ते १ जानेवारी तिकडे फिरकू नका, अर्धं कोलकाता तिथेच डबे घेऊन येतं. सायन्स सिटी थोड्या मोठ्या मुलांना जास्त आवडेल. दक्षिणेश्वरला मेट्रोने थेट जाता येतं आणि तिथून बेलूर मठाला बोट मिळते, पण दोन्ही ठिकाणं दुपारी बंद असतात, सकाळीच उरका. कालीघाट आम्ही गाळलं. तिथली रेटारेटी मुलाला सोसवणारी नाही.

खाण्याची काळजी करायचं कारण नाही. भात, भाजलेल्या मुगाची डाळ, वांग्याचे काप, बटाटा हे कुठल्याही साध्या भातघरात मिळतं. सकाळी लुची, म्हणजे मैद्याची पुरी, आणि आलूर दम. ‘झाल देबेन ना’ म्हणजे तिखट घालू नका, एवढं वाक्य पाठ करा. डाळीला मोहरीच्या तेलाचा वास येऊ शकतो, आमच्या लेकीला चालला, सासूबाईंना नाही. मातीच्या भांड्यातलं मिष्टी दोई, म्हणजे गोड दही, हे मात्र हुकमी औषध आहे. भात नाकारणारं पोर ते चाटूनपुसून संपवतं. गोड फार होतं म्हणून आम्ही दिवसाला एकच असा नियम केला होता, आजीने तो पाळला नाही.

मुलाचं लंगोट बदलायला जागा रस्त्यावर मिळणार नाही. पार्क सर्कसजवळचा क्वेस्ट मॉल किंवा दक्षिणेकडचा साउथ सिटी मॉल जवळ असेल तर त्यांचा उपयोग करा. एरवी एक जाडसर चादर बरोबर ठेवा. डास संध्याकाळी फार, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मच्छरदाणी हवीच. पिण्याचं पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. पिवळ्या टॅक्सी कमी होत चालल्या आहेत. मिळालीच तर भाडं आधी ठरवा, नाहीतर राज्य सरकारचं यात्री साथी ॲप वापरा. ठरलेल्या मार्गांवरच्या शेअर रिक्षा स्वस्त आहेत, पण मांडीवर मूल घेऊन चौथ्या माणसाशेजारी बसणं जमतंय का ते बघा.

परतताना टॅक्सीवाल्याला ‘हावडा नवीन कॉम्प्लेक्स’ असं स्पष्ट सांगा. नागपूर-मुंबईकडच्या गाड्या सहसा तिथून सुटतात, जुन्या इमारतीपासून सामान आणि मूल घेऊन चालत जायला दमछाक होते. तासभर आधी पोचा, पुलावर वाहनं अडकतात. घरी न्यायला नोलेन गुळाचा, म्हणजे खजुराच्या ताज्या गुळाचा, संदेश घेणार असाल तर निघायच्या दिवशीच घ्या आणि गाडीत पहिल्या रात्रीच संपवा, दुसऱ्या दिवशी तो आंबतो. रसगुल्ल्याचा डबा टिकतो.