कॅलिफोर्नियात मुलासाठी सरकारी शाळा निवडताना : माझा अनुभव

सॅन होजेला घर शोधायला लागलो तेव्हा ओळखीतलं प्रत्येक जण आधी एकच विचारायचं, "शाळा कितीची आहे?" घरांच्या जाहिरातींखाली जवळच्या सरकारी शाळेला दहापैकी अंक दिलेला असतो. शाळा पत्त्यावरून ठरते, त्यामुळे नऊच्या शाळेच्या हद्दीतलं भाडं आणि पाचच्या हद्दीतलं भाडं यांत चांगलीच तफावत असते. मुलगा तिसरीत जाणार होता आणि आम्हाला झेपेल असं घर पाचच्या हद्दीत होतं. हो म्हणण्याआधी तो पाच आला कुठून, हे मला बघायचं होतं.

इथे ही माहिती मागावी लागत नाही. प्रत्येक सरकारी शाळेनं दरवर्षी आपला अहवाल जाहीर करायचा, हे १९८८ च्या सार्वमतानं ठरलेलं आहे. शिवाय राज्याचा स्कूल डॅशबोर्ड, म्हणजे शाळांची कामगिरी दाखवणारं संकेतस्थळ, आहे. त्यावर लाल ते निळा असे पाच रंग असतात आणि यंदाची स्थिती व गेल्या वर्षीपासून पडलेला फरक, दोन्ही धरून रंग ठरतो. मी रात्री मुलं झोपल्यावर हे वाचत बसायचे. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की प्राथमिक शाळेत राज्याची भाषा आणि गणिताची परीक्षा तिसरीपासून पुढचीच मुलं देतात. बालवाडी, पहिली, दुसरीच्या बाईंनी काय मेहनत घेतली ते त्या परीक्षेच्या निकालात थेट दिसतच नाही. आणि २०२३ मध्ये सगळ्या राज्यात मिळून इंग्रजीत ४६.७ टक्के आणि गणितात ३४.६ टक्केच मुलं अपेक्षित पातळीला पोचली होती. 'आमची' शाळा त्याच्या आसपास होती.

मग विद्यार्थ्यांची माहिती उघडली. निम्म्याहून जास्त मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली, बरीचशी स्पॅनिश बोलणारी, त्याखालोखाल व्हिएतनामी. आपण 'एशियन' या रकान्यात मोडतो. त्यात चिनी, व्हिएतनामी, भारतीय सगळे एकत्र. फिलिपिनो मात्र वेगळे मोजतात. खरं कळतं ते गटवार निकाल बघितल्यावर. कमी उत्पन्नाच्या गटातली मुलं या शाळेत वर्षागणिक वर सरकत होती, आणि पलीकडच्या नऊच्या शाळेत असा गट जवळजवळ नव्हताच. म्हणजे त्या नऊमध्ये शाळेची करामत किती आणि घरच्या शिकवण्यांची किती, हे त्या अंकावरून कळणार नाही. आम्ही पाचच्या हद्दीतलं घर घेतलं.

प्रवेशाच्या वेळी कागद पुष्कळ लागले: भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला, लसींची नोंद. त्यातच घरच्या भाषेचा फॉर्म होता. मूल बोलायला लागलं तेव्हा कोणत्या भाषेत, घरी जास्त कोणती भाषा बोलतं, तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता, असे प्रश्न. मंडळातल्या एका ताईंनी आधीच बजावलं होतं, "अगं, तिथं इंग्लिशच लिही. मराठी लिहिलंस की त्याला परीक्षेला बसवतात, मग तो शिक्का लवकर जात नाही." मी तिन्ही ठिकाणी मराठी लिहिलं. ऑफिसातल्या बाईंनी दुसरा एक फॉर्म पुढे केला, उत्पन्नाचा. म्हणाल्या, जेवण सगळ्यांनाच फुकट आहे म्हणून लोक हा भरत नाहीत, पण कृपा करून भरा. २०१३ च्या कायद्यानं कमी उत्पन्नाच्या, इंग्रजी शिकत असलेल्या आणि पालनगृहातल्या मुलांमागे शाळांना वीस टक्के जादा पैसे मिळतात. त्यांची मोजणी अशा फॉर्मांवर चालते.

पहिल्या तीस दिवसांच्या आत मुलाची 'एल्पॅक' ही इंग्रजीची परीक्षा झाली: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. पुण्यात इंग्रजी माध्यमात होता, वाचन उत्तम, पण बोलताना अडखळला. 'इंग्रजी शिकणारा' अशी नोंद झाली. २०२३ मध्ये राज्यात अशी सुमारे अकरा लाख मुलं होती. मला त्याचा त्रास झाला नाही, कारण त्यामुळे त्याला रोज इंग्रजीचा वेगळा तास मिळाला. मी एकदा वर्गात बसून बघितलं. अर्धगोल टेबलापाशी पाच मुलं, मधे बाई, समोर बीन्सच्या रोपाचं चित्र. प्रत्येकानं "कारण" वापरून पूर्ण वाक्य बोलायचं. आमचा, एरवी "यस", "नो" वर भागवणारा, चक्क मुळांबद्दल बोलत होता. अमेरिकेत येऊन वर्ष झालं नव्हतं म्हणून त्या वसंतात राज्याच्या इंग्रजीच्या परीक्षेतून त्याला सूट होती, गणित मात्र द्यावं लागलं. तेव्हा पुन्हा झालेल्या एल्पॅकमध्ये चौथी, म्हणजे सगळ्यात वरची पातळी आली. बाईंचं मत, वाचनाचे गुण आणि आमच्याशी बोलणं झाल्यावर पुढच्या शरदात ती नोंद बदलली.

तेव्हा मला 'इंग्रजी शिकणाऱ्या' गटाचे निकाल मागे का दिसतात, हे कोडं उलगडलं. ज्याला इंग्रजी जमलं तो गटातून बाहेर पडतो, नवखी मुलं आत येतात. असा गट कायम मागेच दिसणार! डॅशबोर्डवर म्हणूनच बाहेर पडलेल्यांचे गुण पुढची चार वर्षं त्याच गटात धरतात. नुसता परीक्षेचा निकाल बघणाऱ्याला हे कळत नाही, आणि तो शाळेला नावं ठेवून मोकळा होतो. मला याचा राग येतो. अकरापेक्षा कमी मुलांचा गट असेल तर आकड्याच्या जागी फुलीच असते, तेही लक्षात ठेवावं.

इंग्रजी शिकणारी एकवीस मुलं असली की शाळेत त्यांच्या पालकांची समिती असावी लागते. मुलाची नोंद बदलली तरी मी बैठकांना जाते. मागच्या खेपेला विषय गैरहजेरीचा होता. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के बुडाले, म्हणजे १८० पैकी १८, की मूल दीर्घ गैरहजर धरतात, आणि शाळेचा पैसाही हजेरीवरच अवलंबून. लग्नाला म्हणून डिसेंबरात चार-पाच आठवडे भारतात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं. जायचंच असेल तर शाळेशी 'इंडिपेंडंट स्टडी'चा लेखी करार निघण्याआधी करता येतो. मुलानं नेमून दिलेला अभ्यास पुरा केला की हजेरी धरली जाते. ऑफिसनं त्याची माहिती स्पॅनिश आणि व्हिएतनामीत छापली होती. मराठीतली मी लिहून दिली आहे, हिंदीतली एक शेजारीण लिहिते आहे.