पितळ दाबलं, गेजमध्ये बसलं, आणि मग फाटलं

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे, डाय (दाबायचे साचे) आणि गेज (माप तपासायची साधनं) बनवतो, आणि आजूबाजूला कुणाचं काही अडलं की लोक पिशवीत पीस घालून येतात. गेल्या जुलैत असाच एकजण आला, बाहेर धो धो पाऊस, पिशवी टेबलावर उलटी केली आणि म्हणाला पितळेची पट्टी देणाऱ्या पट्टीवाल्याने मला बुडवलं, मटेरियलच खराब दिलंय.

पितळेच्या डीप ड्रॉ केलेल्या, म्हणजे सपाट पट्टी साच्यात खोल दाबून बनवलेल्या टोप्या होत्या, सेन्सरवर बसणाऱ्या. सत्तर-तीस पितळ, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. प्रत्येक टोपीला तोंडापासून खाली सरळ उभी चीर. कुठे ठोकर नाही, फुगवटा नाही, ब्लेडने कापल्यासारखी साफ. त्याची अडचण अशी की जुन्या मॉडेलच्या टोप्या ढिगाने पडून होत्या, बाहेरून 18.4 मिमीच्या, आणि नवीन बॉडीला 18 च्या लागत होत्या. मग त्याने दुसऱ्या एका शॉपमधून त्या डायमधून दाबून घेतल्या, गो-नोगो गेजला (माप हद्दीत आहे की नाही एवढंच सांगणारं गेज) पास झाल्या, त्याने खुश होऊन पैसे दिले आणि माल शेडमध्ये रचून ठेवला. पावसाळा लागल्यावर बघतो तर हे.

आमच्याकडे एक काका येऊन बसतात, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत. ती फॅक्टरी 1869 पासूनची आणि काकांचा सगळा जन्म पितळेत गेलाय. त्यांनी एक पीस उचलला, खिडकीकडे धरला आणि पहिला प्रश्न विचारला तो मटेरियलचा नव्हताच. "माल ठेवला होता कुठे?"

"चिखलीकडे शेड घेतलीये भाड्याने."

"आणि मागे काय आहे?"

"मागे... गोठा आहे काका, म्हशींचा."

काका एवढंच म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि मला म्हणाले, न फुटलेली टोपी घे आणि रिंग काप. मी लेथवर तोंडाकडची बोटभर रुंदीची रिंग काढली, व्हाइसमध्ये हलक्या हाताने धरली आणि हॅक्सॉने एका बाजूने उभी चिरायला घेतली. शेवटचा धागा तुटला आणि टक्कन रिंग उघडली. ब्लेडच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठी फट, नुसत्या डोळ्यांना दिसत होती. तो माणूस बघतच राहिला. अहो, बाहेरून अगदी शांत दिसणारी टोपी आतून सतत फाकायला बघत होती. डायमधून बारीक करताना बाहेरच्या थरात ओढ राहते आणि ती व्हर्नियरला दिसत नाही, गेजला कळत नाही.

मग काकांनी त्याला रायफलच्या काडतुसाच्या पितळी पुंगळीवरून समजावलं आणि मला वाटतं याहून चांगलं उदाहरण नाही. गोळी सुटली की गॅसच्या दाबाने पुंगळी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकते, म्हणून तर गॅस मागे येत नाही. दाब गेला की थोडी आकसते, पण माप आता त्या एका रायफलच्या चेंबरचं झालेलं असतं. तीच पुंगळी दुसऱ्या रायफलला चालवायची तर पूर्ण लांबी साइझिंग डायमधून काढावी लागते, खांदा, म्हणजे पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग, मागे ढकलावा लागतो. (आपल्याकडे लायसन्सशिवाय या भानगडीत पडायचंच नाही, 1959 चा शस्त्र कायदा लागू आहे.) प्रत्येक फुगण्या-दाबण्याने पितळ कडक होत जातं आणि स्प्रिंगबॅक वाढतो, म्हणजे डायमधून निघाली की ती परत थोडी मोठी होते, आणि शेवटी मानेला चीर जाते. म्हणून मान ॲनिल करतात, म्हणजे तापवून मऊ करतात. मिलिटरीच्या पुंगळीवर मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती त्याच तापवण्याची खूण. बूड मात्र तापवत नाहीत, सगळा दाब तिथे झेलायचा असतो, ते कडकच पाहिजे.

आणि गोठ्याचं म्हणाल तर हे दुखणं आपल्याच मातीतलं आहे. ब्रिटिशांच्या फौजेच्या काडतुसांना हिंदुस्थानात ऐन पावसाळ्यात अशाच चिरा पडायच्या, कारण दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवायचे. लघवीतून अमोनिया, त्यात दमट हवा, आणि पितळेत आधीपासून ताण. तिन्ही एकत्र आलं की पितळ फाटतं. 1921 साली मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे नीट उलगडून दाखवलं. इंग्रजीत याला सीझन क्रॅकिंग म्हणतात.

तरी त्या माणसाला पट्टीवाल्यावर केस करायचीच होती, म्हणून काकांनी शेवटचा इलाज केला. अमोनियात भिजवलेला कापूस एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवला, त्यावर जाळी, जाळीवर दाबलेल्या टोप्या आणि त्यांच्याच शेजारी तशाच दाबलेल्या पण मी भट्टीत 260 डिग्रीला तासभर ठेवून काढलेल्या. झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर नुसत्या दाबलेल्या सगळ्या उभ्या चिरल्या होत्या. भट्टीतल्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या पण अखंड. पट्टी तीच, लॉट तोच. तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

एवढ्या तापमानाला पितळ फारसं मऊ पडत नाही, फक्त आतली ओढ निघून जाते, म्हणून टोपीची पकड सुटायची भीती नसते. राहिलेला न फुटलेला माल आम्ही भट्टीतून काढून दिला, माप किंचित हलतं म्हणून एकेक पीस परत गेजला लावला, आणि त्याने शेडसुद्धा बदलली. खरा घोर वेगळाच होता, काही टोप्या आधीच सेन्सरवर बसून गिऱ्हाइकांकडे गेल्या होत्या. त्या परत मागवायला तो आमच्याच टेबलावर बसून एकेकाला फोन लावत होता आणि काका शेजारी बसून त्याला सांगत होते, माल कुठे ठेवलाय ते आधी विचार, गोठ्याजवळ किंवा मुतारीजवळ असेल तर तो आजच उचल.