मोगरा की जाई?

दादर, वैशाख, शनिवार

उन्हाळ्यापुरते एकच अत्तर घ्यायचे असे ठरवून मोहम्मद अली मार्गावरच्या दुकानात गेले खरी, पण मोगरा आणि जाई यांत निवड होईना, तेव्हा दुकानदाराकडून दोन्हींचे कापसाचे फाये घेऊन घरी आले. ते मनगटावर लावल्याबरोबर दोन्ही वास इतके जवळचे वाटतात की डोळे मिटून कोणते कोणते हे सांगणे मला तरी जमले नाही. त्यात नवल नाही, कारण दोन्ही फुले एकाच कुळातली आहेत आणि बेंझिल ॲसिटेट या सुगंधी द्रव्याचा गोडवा व इंडोल या दुसऱ्या द्रव्याचा काहीसा उग्र जडपणा दोन्हींत असतो. शिवाय दोन्ही अत्तरे उत्तर प्रदेशातल्या कनौजची. तिथे तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात आणि वाफ बांबूच्या नळीतून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपका नावाच्या भांड्यात उतरवतात. भपक्यातले चंदनाचे तेल तो सुगंध धरून ठेवते. चंदन महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल वापरतात, म्हणून तळाशी कोणते तेल आहे हे मी आधी विचारते. (त्यावरचे उत्तर पुष्कळदा भावावरूनच कळते.)

आज डाव्या मनगटावर मोगरा आणि उजव्यावर जाई लावून भर दुपारी बाजारहाट उरकला. फरक कळला तो तासाभराने, घाम आल्यावर. मोगऱ्यात मिथाइल अँथ्रानिलेटचे प्रमाण जास्त असते आणि संत्र्याच्या फुलातही तेच द्रव्य असल्यामुळे त्याच्या गोडव्याला एक हिरवी, किंचित आंबट कड राहते. कळ्यांचा गजरा ओल्या फडक्यातून नुकताच सोडावा तसा तो वास शेवटपर्यंत टवटवीत होता. जाई मात्र अंगाच्या उष्णतेने पिकत गेली. आधी नाजूक, मग फळासारखी गोड, आणि परतताना लोकलच्या गर्दीत इतकी दाट झाली की शेजारणीने मान वळवून पाहिले. ते कौतुकाने की त्रासाने, हे कळायला मार्ग नव्हता. सासूबाईंनी मात्र दारातच खिडक्या उघडायला सांगितले.

तरीही वास म्हणून मला जाईच अधिक आवडली, हे नोंदवून ठेवते. तिच्यात खोली आहे आणि चंदनाशी तिचे जितके जमते तितके मोगऱ्याचे जमत नाही. पण जाईचा खरा बहर पावसाळ्यापासून पुढे असतो, मोगरा चैत्र-वैशाखात फुलतो, आणि मुंबईच्या दमट उकाड्यात दिवसभर अंगावर वागवायला हलका वासच बरा. तेव्हा सोमवारी अर्धा तोळा मोगरा आणायचा, तोही चंदनाच्या तेलातला मिळाला तरच. जाईचे श्रावणात पाहू.