बेटिंगच्या खात्यातून पैसे काढताना: लेस्टरमधला माझा अनुभव

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगवर कायदेशीर पैसे लावायचे असतील तर खातं उघडायला काही मिनिटं पुरतात. मोबाइल, डेबिट कार्ड, नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता, एवढंच लागतं. त्याच खात्यातून आपले पैसे परत काढायची वेळ आली की मात्र सगळा नूर बदलतो. माझे पैसे अडकले होते. ते सुटले, पण डोक्यातला संताप अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. नुकतेच ब्रिटनला आलेले आपले विद्यार्थी आणि नोकरदार यांना याचा उपयोग व्हावा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, १८ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात १८८७ पासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली आहे. सुट्टीला घरी गेलात तर ते अ‍ॅप उघडूसुद्धा नका. गावाकडचा एखादा मित्र ‘माझ्या वतीने लाव की’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा. दुसऱ्यासाठी खातं वापरणं कंपनीच्या अटींच्या विरुद्ध असतं आणि त्यावरून खातं बंद होतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढलो, त्यामुळे फुटबॉल कुणी शिकवायची गरज नव्हती. नोकरीसाठी लेस्टरला आलो तेव्हा इथे प्रत्येक जण २०१५-१६ ची गोष्ट सांगायचा. हंगामाच्या सुरुवातीला लेस्टर सिटी लीग जिंकेल यावर ५०००/१ असा भाव होता, म्हणजे एका पौंडाला पाच हजारांचा नफा, आणि ते खरंच जिंकले. गोष्ट खरी आहे आणि या शहराचा तो अभिमान योग्यच आहे. पण नवख्या माणसाने सुरुवात तिथून करू नये. सुरुवात भाव वाचण्यापासून करावी.

बेटिंगच्या दुकानातल्या फळ्यावर ६/४ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ४ पौंड लावले आणि जिंकलात तर ६ पौंड नफा, वर तुमचे ४ परत. अ‍ॅपमध्ये सेटिंग बदलून हाच भाव २.५० असा दाखवता येतो: १० लावले तर एकूण २५ हातात. पहिल्याच दिवशी हे सेटिंग बदला, कारण दशांशात लिहिलेल्या भावातून कंपनीचा हिस्सा लगेच काढता येतो. समजा यजमान संघाला १.९०, बरोबरीला ३.६० आणि पाहुण्यांना ४.२० असा भाव आहे. प्रत्येक भावाने १०० ला भागा: ५२.६, २७.८, २३.८. बेरीज १०४.२ होते. शंभराच्या वरचे हे चार ती कंपनीची कमाई. तुम्ही कुठल्याही बाजूला लावा, ती भावातच धरलेली असते. हे गणित मांडल्याशिवाय मी कधीच पैसे लावले नाहीत.

बरोबरीकडे आपली माणसं दुर्लक्ष करतात, कारण क्रिकेटमुळे दोनच निकालांची सवय असते. इथे ढोबळमानाने चारातली एक मॅच बरोबरीत सुटते. बरोबरी झाली तर पैसे परत मिळतात असा ‘ड्रॉ नो बेट’ नावाचा प्रकार आहे, त्यात भाव कमी मिळतो. एकूण गोल अडीचपेक्षा जास्त की कमी, दोन्ही संघ गोल करतील का, या पैजाही समजायला सोप्या. निकालाची पैज ९० मिनिटं अधिक भरपाईची मिनिटं एवढ्यावरच ठरते. एफए कपमध्ये, म्हणजे इथल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, जादा वेळेत तुमचा संघ जिंकला तरी पैज बरोबरी धरूनच निकाली निघते. आणि कोण गोल करेल या पैजेत स्वयंगोल धरत नाहीत.

खातं उघडणं, कार्ड जोडणं, २० पौंड टाकणं, सगळं सुरळीत झालं. क्रेडिट कार्ड चालत नाही, एप्रिल २०२० पासून त्यावर बंदी आहे आणि ती बंदी अगदी रास्त आहे. काही आठवडे मी छोट्या पैजा लावल्या. मग एका शनिवारी चार मॅचेसची एकत्रित पैज लावली, ज्याला इथे सगळे ‘अ‍ॅका’ म्हणतात. भाव होते १.८०, २.००, १.९० आणि २.१०. चौघांचा गुणाकार १४.३६४. १० पौंडांचे १४३ पौंड ६४ पेन्स झाले. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, त्यामुळे रेडिओ लावून बसलो होतो. शेवटचा संघ एका गोलाने पुढे असताना भरपाईची मिनिटं संपता संपत नव्हती.

जिंकलो, तरी अ‍ॅका लावा असं मी कुणाला सांगणार नाही. प्रत्येक मॅचमागे कंपनी चार टक्के घेत असेल तर चार मॅचेस जोडल्यावर तोही हिस्सा गुणाकाराने वाढतो आणि सरासरी शंभरातले पंधरा पौंड तिच्याकडे जातात. जाहिराती अ‍ॅकाच्याच का असतात, ते यावरून कळतं.

रविवारी सकाळी १२० पौंड बँकेत पाठवायचं बटण दाबलं. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं आलं. सोमवारी ईमेल आला की खात्याची तपासणी चालू असून ओळखीचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा पाठवा. मी लगेच पासपोर्टचा फोटो पाठवला. उत्तर आलं, नाव जुळत नाही.

इथे आपल्या मराठी माणसांची खरी गोची आहे. भारतीय पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं, आडनाव दुसऱ्यात. बँकेच्या कार्डावर फक्त नाव आणि आडनाव. कंपनीच्या फॉर्ममध्येही दोनच रकाने होते, नाव आणि आडनाव, मधल्या नावाला जागाच नव्हती. म्हणजे त्यांच्याच फॉर्मने जे घेतलं नाही, ते जुळत नाही म्हणून तेच मला अडवत होते. मी हे चॅटवर लिहिलं. समोरून उत्तर आलं की आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत, कृपया दुसरं ओळखपत्र पाठवा.

दुसरं ओळखपत्र म्हणून त्यांच्या यादीत ड्रायव्हिंग लायसन्स होतं आणि परदेशी नागरिकांना मिळणारं बीआरपी कार्ड होतं. बीआरपी कार्डं ३१ डिसेंबर २०२४ नंतर चालेनाशी झाली, त्यांच्या जागी ई-व्हिसा आला. तो ऑनलाइन असतो, दाखवायचा म्हणजे शेअर कोड द्यायचा, जो टाकून समोरच्याला तो बघता येतो. त्यांच्या पानावर शेअर कोड टाकायला जागा नव्हती, फक्त फोटो चढवायची सोय. जुन्या कार्डाचा फोटो पाठवला तर मुदत संपली म्हणून नाकारला. ई-व्हिसाच्या पानाचा फोटो काढून पाठवला तर स्क्रीनशॉट चालत नाही म्हणून नाकारला. देशाच्या सरकारने जे कार्ड बंद केलं तेच एक परवानाधारक कंपनी मागत होती, आणि चॅटवरच्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पत्त्याचं दुखणं वेगळंच. मी तिघांबरोबर घर वाटून राहतो. कौन्सिल टॅक्स घरमालक भरतो, गॅस आणि वीज दुसऱ्याच्या नावावर. माझं बँक खातं अ‍ॅपवरचं, त्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्येच मिळतं. पीडीएफ पाठवली तर म्हणाले, कागदाचा फोटो हवा, चारही कोपरे दिसले पाहिजेत. लायब्ररीत जाऊन छापून आणली, टेबलावर ठेवून चारही कोपऱ्यांसकट फोटो काढला. तोही परत आला, कारण त्यांना म्हणे बँकेने टपालाने पाठवलेला कागद हवा होता. जी बँक टपालाने काही पाठवतच नाही तिचा टपालाचा कागद आणायचा कुठून? प्रत्येक वेळी चॅटवर नवा माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि शेवटी ‘संबंधित विभागाकडे पाठवलं आहे’. त्या विभागाशी बोलायची सोय नाही. दरम्यान त्याच अ‍ॅपवर मला रोज नव्या पैजांचे निरोप येत होते, आणि खात्यात उरलेल्या पैशांतून पैजा लावायला कुठलीच आडकाठी नव्हती. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. पैसे लावताना माझी ओळख त्यांना पटलेली होती, घेऊन जाताना मात्र पटत नव्हती.

कामावरचा एक जुना सहकारी, कित्येक वर्षं फुटबॉलवर पैसे लावणारा, त्याने मला योग्य वाट दाखवली. तो म्हणाला, चॅट बंद कर आणि लेखी तक्रार दे, तक्रार हाच शब्द वापरून. मी नियम शोधले. बर्मिंगहॅमला मुख्यालय असलेलं गॅम्बलिंग कमिशन या कंपन्यांना परवाना देतं. ७ मे २०१९ पासूनचा नियम असा की नाव, पत्ता आणि जन्मतारीख यांची पडताळणी पहिली पैज लावू देण्याआधीच झाली पाहिजे. आणि जी माहिती कंपनीला आधी मागता आली असती, ती पैसे काढायची अट म्हणून नंतर मागता येत नाही. काळ्या पैशाविषयीच्या कायद्यांपायी काही चौकशी नंतरही होऊ शकते, पण १२० पौंडांसाठी, माझ्याच कार्डावर परत जाणाऱ्या पैशांसाठी, तसं कारण त्यांनी एकदाही दिलं नव्हतं.

मी ईमेल लिहिला. विषयाच्या ओळीत ‘औपचारिक तक्रार’. आत तारखांनिशी काय पाठवलं, काय उत्तर आलं, वरचा नियम, आणि शेवटी हे की आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर मी त्यांच्या लवादाकडे जाईन. प्रत्येक परवानाधारक कंपनीला असा स्वतंत्र लवाद नेमावाच लागतो. बऱ्याच कंपन्यांचा तो आयबास नावाचा आहे, आणि ग्राहकाला त्याचा खर्च येत नाही. गॅम्बलिंग कमिशन स्वतः तुमचे पैसे मिळवून देत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि ते तिथे पत्रं लिहीत बसतात.

आठ आठवडे लागले नाहीत. पहिल्यांदाच एका माणसाने स्वतःचं नाव लिहून उत्तर दिलं, आणि तोच पासपोर्ट, तेच छापलेलं स्टेटमेंट मान्य झालं. पैसे बँकेत आले. मी उरलेली रक्कमही काढली आणि ते खातं बंद केलं. ईमेलवर ‘तुमची तक्रार निकाली निघाली आहे’ हे वाचलं तेव्हा मला त्या अ‍ॅकापेक्षा जास्त आनंद झाला, आणि तो अजून टिकून आहे.

आता आठवतील तशा सूचना. कुठल्याही नव्या खात्यात पहिल्या आठवड्यातच कागदपत्रं चढवा, कुणी मागायची वाट बघू नका. थोडे पैसे टाका, एखादी छोटी पैज लावा, आणि उरलेले लगेच काढून बघा. ते सुरळीत निघाले तरच पुढे जा. मी नंतर दुसऱ्या कंपनीकडे हेच केलं आणि काही अडचण आली नाही.

भारतीय नागरिक असलात तरी ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असाल तर राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून तुम्हाला मतदार यादीत नाव घालता येतं. ते जरूर घाला. या कंपन्या पत्ता तपासतात तो बहुतेक वेळा क्रेडिट एजन्सीच्या, म्हणजे लोकांच्या कर्जव्यवहारांची माहिती ठेवणाऱ्या संस्थांच्या, नोंदींवरून, आणि मतदार यादीतलं नाव तिथे कामाला येतं. तात्पुरतं, म्हणजे शिकाऊ, ड्रायव्हिंग लायसन्सही काढून ठेवा. गाडी शिकायची नसली तरी त्यावर फोटो आणि पत्ता दोन्ही असतात, आणि वाटून घेतलेल्या घरात राहणाऱ्याला याहून सोपा पुरावा मिळत नाही.

साइटच्या तळाशी परवाना क्रमांक असतो, तो कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत बघा. क्रमांक नसलेल्या, क्रिप्टोमध्ये पैसे घेणाऱ्या साइट्सकडे पैसे अडकले तर लवादही नाही आणि तक्रारही नाही. फुकट म्हणून दिलेली पैज जिंकलात तर फक्त नफा मिळतो, पैजेची मूळ रक्कम धरत नाहीत. आणि जिंकलेल्या पैशांवर इथे तुम्हाला कर भरावा लागत नाही, तो भार कंपनीवर असतो.

कागदपत्रांची कटकट नकोच असेल तर रस्त्यावरचं दुकान आहे. रोख द्या, चिठ्ठी घ्या, जिंकलात तर काउंटरवर रोख घ्या. तरुण दिसत असाल तर वयाचा पुरावा मागतील, बाकी काही नाही. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खातं उघडतानाच पैसे टाकण्याची मर्यादा घाला. कमी करायची असेल तर ती लगेच होते, वाढवायला किमान एक दिवस थांबावं लागतं, आणि तो एक दिवस फार मोलाचा आहे. भाडं किंवा फीचे पैसे कधी यात जायला लागले तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा. तेवढ्याने ब्रिटनमधली सगळी परवानाधारक ऑनलाइन खाती तुमच्यासाठी बंद होतात, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. निवडलेली मुदत संपेपर्यंत कुणालाही, अगदी तुम्हालाही, ती उघडता येत नाहीत. माझ्या घरातल्या एकाने ते केलं. त्याला कुणी कागद मागितला नाही, त्याच संध्याकाळी काम झालं.