खोलीतली हवा मोजायला हवी

गिरगावातल्या आमच्या अभ्यासिकेत एसी बसला आणि खिडक्या कायमच्या बंद झाल्या. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. त्यामुळे गारवा आला म्हणजे हवा बदलली, असे समजण्यात धोका आहे. क्षयरोग ज्या शहरात अजून ठाण मांडून आहे, तिथे तर हा धोका मोठाच, कारण खोकताना-बोलताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहू शकतात. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड आखले. त्याच परिसरात आज आपण तो वारा काचेबाहेर अडवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खोलीत हवा किती खेळती आहे, हे कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्रावरून कळते. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० पीपीएम. म्हणजे यंत्रावर १,२०० दिसले, तर आपल्या प्रत्येक श्वासातला सुमारे दोन टक्के भाग कोणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला असतो. आमच्याकडे वीस-बावीस मुले बसल्यावर बंद खोलीत अर्ध्या तासातच आकडा २,००० च्या वर जात असे.

खरी माहिती मिळते ती मुले घरी गेल्यानंतर. त्या वेळी यंत्र २,४२० दाखवत होते, म्हणजे बाहेरच्यापेक्षा २,००० जास्त. हे आधिक्य ३७ टक्क्यांवर, म्हणजे ७४० वर यायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात खोलीच्या आकारमानाएवढी बाहेरची हवा आत आलेली असते, म्हणजे एक हवाबदल होतो. खिडक्या बंद असताना आकडा १,१६० वर (बाहेरचे ४२० अधिक ७४०) उतरायला जवळपास दोन तास लागले. समोरासमोरच्या खिडक्या उघडून एक्झॉस्ट फॅन लावला, तेव्हा तेच काम दहाएक मिनिटांत झाले. तासाला अर्धा हवाबदल आणि तासाला सहा हवाबदल, एवढे हे अंतर आहे.

मात्र हिवाळ्यात, वारा पडलेला असताना आणि शेजारी बांधकाम चालू असताना, उघड्या खिडकीतून धूळही येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, चोवीस तासांची सरासरी मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. त्या दिवसांत आपण तिच्या पुष्कळ वर असतो. अशा वेळी हेपा फिल्टरचे, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे, यंत्र धूळ आणि जंतू वाहणारे कण दोन्ही पकडते, पण कार्बन डायऑक्साइड त्यातून जसाच्या तसा निघून जातो. म्हणून फिल्टरचा उपयोग कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यावरून जोखता येत नाही. त्यासाठी कणमापक वेगळा लागतो.

आमची खोली सुमारे ८५ घनमीटरची. तासाला ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र तिथे कणांच्या हिशेबात साडेतीन हवाबदलांएवढी भर घालते, पण तो आकडा यंत्राच्या सर्वांत जास्त वेगाचा असतो आणि त्या आवाजात अभ्यास होत नाही. मुले वेग कमी करणार हे गृहीत धरून आम्ही एका मोठ्या यंत्राऐवजी दोन मध्यम यंत्रे घ्यायचे ठरवले आहे, आणि एक खिडकी चार बोटे उघडी राहील अशी कडी सुताराकडून बसवून घेतली आहे.