उरलेल्या दोन गाठी

तमिळ लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्ताचं एक मिनिट छापलेलं नसतं, चांगला दीड तास छापलेला असतो. ‘सकाळी ७.३० ते ९’. आपल्याकडचे पाहुणे ते वाचतात आणि साडेआठपर्यंत पोचलं तरी चालेल असा हिशोब करतात. मी लग्नांचे फोटो काढते. राहते डोंबिवलीत, पण माटुंगा-चेंबूरच्या तमिळ घरांची कामं करता करता या लग्नांची रीत अंगवळणी पडली आहे. म्हणून कुंभकोणमच्या त्या लग्नात, आदल्या रात्री नवऱ्या मुलाच्या मित्रांनी “ताई, उद्या जरा उशिरा उठलं तर चालेल ना?” असं विचारलं, तेव्हा मी लेन्स पुसायची थांबले आणि सगळ्यांना समोर बसवलं.

मुलगा चेंबूरमध्ये वाढलेला, घर अय्यरांचं, म्हणजे तमिळ ब्राह्मणांचं. मुलगी कुंभकोणमची. मित्र कॉलेजपासूनचे, बहुतेक ठाणे-डोंबिवलीचे मराठी, दोघांच्या बायकाही बरोबर आलेल्या. तै महिना लागलेला. त्याआधीच्या मार्गळीत, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, लग्नं होत नाहीत, त्यामुळे तै उजाडला की तिकडच्या कल्याण मंडपांना, म्हणजे मंगल कार्यालयांना, उसंत नसते. मित्रांचा घोळ झाला होता तो रिसेप्शनमुळे. ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळीच होऊन गेलं होतं. मुलगा सुटात, मुलगी झगमगीत साडीत, स्टेजवर अहेराची रांग, खाली जेवण. तमिळनाडूत हे सर्रास चालतं, आणि फक्त ब्राह्मण घरांत नव्हे. पण आपल्या माणसाला रिसेप्शन म्हणजे शेवट वाटतो. फोटो झाले, पाकीट दिलं, आता उद्या निवांत.

मी त्यांना सांगितलं की तुम्ही खरे ज्यासाठी आला आहात, ते उद्या सकाळी दोन-तीन मिनिटांत होणार आहे. दीड तासात केव्हा, ते आधी कोणी सांगू शकत नाही, वाध्यारांचे, म्हणजे गुरुजींचे, मंत्र जसे पुढे सरकतील तसं. तेवढ्यात इडली-पोंगल खायला जाऊ नका. टिफिन, म्हणजे नाश्ता, सहा-साडेसहापासून सुरू असतो, आधी खाऊन घ्या. काळे कपडे नकोत, पांढरे धोप नकोत. स्टेजवर चढताना चपला-बूट खाली. होमापुढे बसून चार तास गप्प राहायची मात्र गरज नाही. मंत्र चालू असताना लोक गप्पा मारतात, कॉफी पितात, ओळखी काढतात, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. मला तर हा मोकळेपणा फार आवडतो.

सकाळी सगळे वेळेवर हजर होते. दारात गुलाबपाणी शिंपडलं गेलं, चंदन-कुंकू झालं, बायकांच्या केसांत मोगऱ्याचे गजरे आले. काशीयात्रा सुरू झाली. पंचकच्छ धोतर नेसलेला मुलगा हातात छत्री, काठी, पंखा घेऊन संन्यासाला निघाला आणि मुलीच्या वडिलांनी त्याला गृहस्थाश्रमाचं महत्त्व सांगून परत आणलं. मित्रांनी शिट्ट्या वाजवल्या, घरचेही हसले. मग माळा बदलायची वेळ आली. मुला-मुलीला खांद्यावर घ्यायचा मान मामांचा. इथे मित्र धावले. आपल्याकडच्या लग्नांत नवरदेवाला उचलणं म्हणजे मित्रांचा हक्कच, त्यामुळे दोघांनी मुलाला कमरेला धरलंसुद्धा. मुलाचे मामा साठीच्या पुढचे, अंगाने बारीक. ते पंचा कमरेला कसून तयार उभे होते. मी नुसतं म्हटलं, “मामांना घेऊ दे, तुम्ही बाजूने टेकू द्या.” पोरं समंजस. दोघांनी दोन्हीकडून हात लावले, मामांनी भाच्याला वर घेतलं, आणि तीन वेळा माळा बदलून होईपर्यंत मामांच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला फ्रेममध्ये मावत नव्हता. मुलीच्या पाठीशी मामा, हे आपल्याकडेही आहेच. तिथे तो खांदाही देतो, एवढंच.

त्यानंतर झोपाळा. बायकांची गाणी, जोडप्याला दूध-केळं, दृष्ट काढायला रंगीत भाताचे मुटके ओवाळून चारी दिशांना टाकणं. यात पाहुण्यांनी फक्त बघायचं आणि जमलं तर टाळ्या द्यायच्या.

कन्यादान झाल्यावर मुलगी आत जाते. नवऱ्याकडून आलेली कूरै पुडवै, लाखेसारख्या गडद लाल रंगाची नऊवारी, ती आता नेसायची असते. अय्यरांचं मडिसार नेसणं आपल्या नऊवारीपेक्षा वेगळं. नेसवायला मुलाची बहीण असते. मी त्या खोलीत होते. बहीण चेंबूरचीच, मराठी माझ्याइतकीच स्वच्छ. निऱ्या धरता धरता ती मला म्हणाली, “आई सांगत होती, तिच्या लग्नात आत्याने गाठ अशी आवळली की नंतर सोडवता सोडवेना.” कारण पुढचं काम तिचंच होतं. ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, हळदीने माखलेल्या दोऱ्यात असतं. पहिली गाठ नवरा मारतो. उरलेल्या दोन गाठी त्याची बहीण मारते.

बाहेरून “नेरमाच्चु, नेरमाच्चु” ओरडा सुरू झाला. वेळ झाली. मुलगी आई आणि मामीच्या मधून निघाली, मी तिच्यापुढे उलटी चालत फोटो घेत होते. बहीण खाली पडलेल्या पिना उचलायला क्षणभर मागे राहिली. तेवढंच निमित्त झालं. मुलगी स्टेजवर जाऊन वडिलांच्या मांडीवर बसली आणि तिच्यामागे माणसं दाटत गेली. मित्र, त्यांच्या बायका, मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणी, चुलत-आते भावंडं, सगळ्यांचे हात वर, हातात मोबाईल.

वाध्यारांनी बोट वर केलं. कोणीतरी ओरडलं, “गेट्टी मेळम! गेट्टी मेळम!” आणि सनईसारखं नादस्वरम आणि ढोलासारखा तविल एकदम कडाडले. या आवाजाला कारण आहे. ताली बांधताना शिंक, रडणं, एखादा वाकडा शब्द, काहीही अशुभ कानावर पडू नये म्हणून तो मोठ्यात मोठा, जलदात जलद वाजवायचा असतो. मंगलाष्टकं संपल्यावर आपल्याकडे वाजंत्री वाजते, पण हा आवाज छातीत शिरतो. अक्षता उडाल्या. मुलाने वाकून दोरा मुलीच्या मानेमागे नेला, गाठ मारली आणि दोन्ही टोकं तशीच धरून मान वर केली. बहीण नव्हती.

ती मला दिसत होती, कारण मी कडेच्या स्टुलावर होते. गर्दीच्या मागच्या बाजूला, हात पुढे करून ती ओरडत होती. तिच्या पुढच्या माणसालाही ते ऐकू येत नव्हतं, येणं शक्यच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मोबाईलच्या पडद्यावर. कोणी मुद्दाम अडवत नव्हतं. पाठीमागून कोणी यायचं आहे, हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं.

दुसरा कॅमेरा माझ्या साहाय्यकाच्या हातात होता. मी माझा गळ्यात सोडला, खाली उतरले आणि सर्वांत जवळच्या मित्राचा मोबाईल धरलेला हात खाली ओढून मागे बोट दाखवलं. त्याने वळून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं. आदल्या रात्री मी गाठींचं सांगितलं होतंच. त्याने दोन्ही हात पसरून पाठीने माणसं मागे रेटली, दुसऱ्याने पलीकडून तेच केलं, आणि त्या फटीतून ती आत आली. गाठी मारताना तिची बोटं थरथरत होती, पण तिने त्या आवळल्या चांगल्या.

एवढा वेळ तविल थांबला नव्हता, आणि त्या सकाळी मला सर्वांत जास्त भरून आलं ते याचंच. वाजवणारे आजोबा स्टेजच्या बाजूच्या चौथऱ्यावर बसलेले. उजव्या हाताच्या बोटांवर कापडाच्या पट्ट्या खळीत भिजवून घडवलेल्या कडक टोप्या, डाव्या हातात आखूड जाड काठी. नंतर ते कॉफी पीत होते तेव्हा मी बहिणीला दुभाषी करून विचारलं, एवढा वेळ कसं ओढलंत? त्यांना बसल्या जागेवरून दिसलं होतं की मुलगा अजून दोरा धरून आहे. वाध्यारांचा हात खाली आला नाही तोवर आपला हात थांबायचा नाही, एवढंच ते म्हणाले. टोप्या त्यांनी एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या. आतली बोटं घामाने पांढरी पडली होती.

पुढच्या विधीला मित्रांना काही सांगावं लागलं नाही. लाजाहोमात मुलीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. त्या दोघांनी आधीच विचारलं, “ताई, भाऊ कुठून येणार?” आणि वाट मोकळी धरून उभे राहिले. सप्तपदी, मुलीचा पाय पाट्यावर ठेवणं, सगळं स्वच्छ दिसलं, मागच्या रांगेतल्या आज्यांनाही.

जेवणाची पहिली पंगत अकराच्या आत बसली. केळीच्या पानाचं निमुळतं टोक डावीकडे, सुरुवातीलाच चमचाभर पायसम, मग कोशिंबिरी, भाज्या, वडा, अप्पळम, आणि भात टप्प्याटप्प्याने. आधी वरण-तूप, मग सांबार, मग रसम, शेवटी दही. वाढप्याला नको म्हणायचं असेल तर पानावर हात आडवा धरायचा. जेवून झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं. पलीकडे दुमडणं हे दुःखाच्या घरचं, म्हणून त्याची काळजी घ्यायची. निघताना नारळ, विड्याची पानं-सुपारी, हळद-कुंकू घातलेली तांबूलाची पिशवी मिळते, ती नाकारायची नाही.

आता तमिळ लग्नाचं काम घेतलं की आदल्या दिवशी घरच्यांकडून मी नावं मागते. गाठी कोण मारणार, लाह्या कोण देणार, मामा कोणते. आणि नवरदेवाच्या दोन मित्रांना बाजूला घेऊन बहिणीची ओळख करून देते. ताली बांधताना तुम्ही हिच्या पुढे चालायचं आणि हिला मुलीच्या पाठीमागे नेऊन सोडायचं, हे त्यांना सांगते. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.