मिस्सेच्या वेळी मुलांची खोली

धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथोलिक समाजात, मुलांसाठी खोली असावी का, यावर वाद सुरू झाला की दोन वेगळ्या खोल्यांची गल्लत हमखास होते. पहिली काचेची: रडणारे मूल घेऊन आई किंवा वडील तेथे बसतात, स्पीकरवरून मिस्सा (कॅथोलिकांची मुख्य सामूहिक उपासना) ऐकतात आणि मूल शांत झाले की बाकावर परततात. दुसरे पाळणाघर; तेथे मूल स्वयंसेवकांकडे सोपवून पालक उपासनेला जातात. पाळणाघरात मी मदत करते, त्यामुळे माझे मत थोडे त्या बाजूला झुकलेले आहे.

रविवारची मिस्सा चुकवू नये, हे खरेच. परंतु कॅथोलिक चर्चच्या अधिकृत धर्मशिकवण-ग्रंथाच्या २१८१व्या परिच्छेदात गैरहजेरीच्या सबळ कारणांमध्ये आजारपणाबरोबर तान्ह्या बाळाची देखभालही धरलेली आहे, आणि सात वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांवर हे बंधन मुळातच नाही. म्हणजे पाळणाघर नियमभंग टाळण्यासाठी लागत नाही. आठवडाभर धड झोप न झालेल्या माणसाला प्रवचनाची चार वाक्ये सलग ऐकता यावीत, एवढ्यासाठी ते हवे असते.

मुलांसह मिस्सा कशी साजरी करावी, याविषयी रोमने १९७३ साली मार्गदर्शिका काढली. ज्या बालकांना मिस्सेत भाग घेता येत नाही, त्यांना धर्मग्रामातील मदतनीसांनी वेगळ्या जागी सांभाळावे आणि शेवटी सर्वांबरोबर आशीर्वाद घेण्यासाठी आत आणावे, अशी सूचना तिच्या सोळाव्या परिच्छेदात आहे. आशीर्वादाचा हा भाग पुष्कळ ठिकाणी गळतो आणि मिस्सा आटोपल्यावर मुले स्टँडवरच्या छत्र्यांसारखी उचलून नेली जातात. तो पाळायचा तर ख्रिस्तप्रसाद (मिस्सेच्या शेवटाकडे होणारे पवित्र भाकरीचे वाटप) सुरू होताच आवराआवर करावी लागते: एकाचा बूट कपाटाखाली गेलेला असतो, दुसरीला खेळणे सोडवत नाही, तिसरा नेमका तेव्हाच झोपी जातो. तरीही ही धांदल केलीच पाहिजे, कारण मूल आत आले नाही तर ती खोली चर्चची राहत नाही.

खोलीत कायम दोन प्रौढ असावेत आणि ते एकाच घरातले नसावेत. वहीत पालकांचा फोन आणि मुलाला न चालणारे पदार्थ लिहून ठेवावेत. ज्याने मूल सोपवले त्याच्याच हाती ते परत द्यावे. स्वयंसेवकांची स्वतःची मिस्सा चुकू नये म्हणून पाळ्या लावाव्यात. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारसाठी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे हे अवघड नाही.

काचेच्या खोलीबद्दल माझी तक्रार खेळण्यांची आहे. जमिनीवर ठोकळे पसरले की तेथे मिस्सा कुणीच ऐकत नाही. वेदीकडे तोंड केलेल्या खुर्च्या, चालू स्थितीतला स्पीकर आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन तेथवर येणारे कुणीतरी, एवढे पुरते. मात्र तेथे जायचे की नाही, हे आईने ठरवावे. मागच्या बाकावरून वळलेल्या नजरांनी नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१७ मध्ये व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमधील स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी मातांना, बाळे भुकेली असतील तर निःसंकोच तेथेच दूध पाजा, असे सांगितले होते.